रंगवलेले मासे आणि माझे ४०,८०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, कारण तोच सांगायला इतके दिवस जीभ रेटत नव्हती. ४०,८०० रुपये. घरात मी ३२,००० सांगितलेत. आमची ही असलं काही वाचत बसत नाही, त्या भरवशावर खरा आकडा इथं लिहितोय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. २६ वर्षं झाली. राजापुरी हळदीचा ढीग समोर आला की हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. वरून रंग चढवल्याचा संशय आला तर हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकायचं. रंग सुटला की माल बाजूला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला हे मी शिकवतो. २०१९ ला आपल्या जिल्ह्यातल्या कडकनाथ कोंबड्यांच्या भानगडीत लोकांचे पैसे बुडाले, तेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच होतो. त्या माझ्या गळ्यात रंग टोचलेले मासे मारले गेले, आणि तेही पाण्यातच! पेला शोधायचीसुद्धा गरज नव्हती.

गेल्या १२ जूनची गोष्ट. धाकटीला दहावीला चांगले मार्क पडले, तिला माशांची टाकी पाहिजे होती. दुकान चकाचक, एसी लावलेला, भिंतभर निळ्या टाक्या. मालक तिशीतला, गोड बोलणारा, मला ‘शेठ’ आणि आईला ‘आज्जी’ म्हणणारा. शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात त्यानंच बसवलेली टाकी मी आधी पाहिली होती. म्हणजे चौकशी न करता गेलो असं कुणी म्हणू नये.

वहीत लिहिलंय तसं सांगतो. ३ बाय १ बाय दीड फुटाची टाकी, स्टँड आणि लाइट धरून ९,८००. फिल्टर २,६००. हीटर ८५०. खडी, प्लॅस्टिकची झाडं आणि मागचं चित्र १,४५०. ‘बॅक्टेरिया लिक्विड’च्या ३ बाटल्या १,९५०. मासे २४, त्यांचे ४,३८०. आणि वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, महिन्याला २ फेऱ्या, ७,२०० आगाऊ. हे ७,२०० मात्र रोख पाहिजेत म्हणाला, ‘त्यात डिस्काउंट धरलाय शेठ’. बाकीचे मोबाइलवरून. पहिल्याच दिवशी २८,२३०. बिल मागितलं तर ‘प्रिंटर बंद आहे, व्हॉट्सॲपवर टाकतो’. आमच्या दुकानात कुणी बिलाशिवाय पोतं उचललं तर मी त्याला दारातून परत आणतो. पक्कं बिल, जागेवर, हातात. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

आता तो क्षण. रोज रात्री तो मला आठवतो.

२४ माशांत ८ ‘कलर ग्लास’ होते, ३५० ला एक. काचेसारखं आरपार अंग, आणि पाठीवर-पोटावर झगझगीत पट्टा. कुणाला गुलाबी, कुणाला हिरवा, कुणाला केशरी. सगळ्यांचा पट्टा एकाच ठिकाणी, एकाच जाडीचा, आखून दिल्यासारखा. मी विचारलं, एकाच जातीत एवढे रंग कसे? तो म्हणाला, ‘थायलंडचं ब्रीडिंग शेठ, इम्पोर्टेड’. एका माशाच्या पाठीवर बारीक काळा ठिपका होता, टोचल्यासारखा. तोही मी बघितला. बघितला! बोटही दाखवलं. ‘तो बर्थमार्क’ म्हणाला, पोरगी हसली, मीही हसलो. ढिगातली सगळी हळकुंडं एकसारखी पिवळीधमक दिसली तर मी तिथंच नखानं खरवडतो. इथं माझं नख खिशातच राहिलं.

नंतर कळलं ते असं. जिवंत माशाच्या कातडीखाली सुईनं रंग टोचतात. बरेच त्यातच मरतात. उरतात ते अशक्त, लगेच रोग धरणारे, आणि रंगही काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत उतरतो. तो बिनरंगाचा ग्लासफिश बघायला थायलंडला जायचंही कारण नाही, आपल्या भारतातल्या ओढ्या-तळ्यांतही सापडतो.  आरपार अंगाच्या एकाच जातीच्या माशांवर एकाच जागी वेगवेगळ्या रंगांचे भडक पट्टे असतील तर त्या दुकानातून पाय काढा.

टाकी दुपारी नळाच्या पाण्यानं भरली आणि संध्याकाळी २४ मासे सोडले. आमच्याकडं पावसाच्या तोंडावर कृष्णेचं पाणी गढूळ झालं की नळाला टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या पावडरीचा, वास मारतो, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मी विचारलं, क्लोरिनचं काय? ‘लिक्विड टाकलंय की.’ त्या बाटल्यांवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख.

माशांची घाण सडून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं सोसतं, आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकी म्हणजे नुसतं पाणी भरलेलं भांडं. थेंबांनी तपासायचं किट मिळतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसेपर्यंत भरपूर मासे सोडणं म्हणजे त्यांना विषात ढकलणं. हे त्या लेकाच्याला माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्याचा धंदाच त्यावर चालला होता. मासे जगले तर त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाणार कोण?

१५ दिवसांत १९ मेले. आधी निऑन नावाचे बारके चमकते मासे, मग कलर ग्लास, मग दोनातला एक गोल्डफिश. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि तो घाण प्रचंड करतो, त्याला हीटरच्या पाण्यात निऑनबरोबर ठेवायचंच नसतं हेही मागाहून कळलं. रोज सकाळी जाळीनं काढायचं आणि परसात पुरायचं. आईचं म्हणणं, घरावरची पीडा माशानं अंगावर घेतली. त्या भामट्यानं ते फोनवर ऐकलं आणि पकडून ठेवलं. ‘आज्जी, बरं झालं, मोठं संकट टळलं. आता मोकळी जागा ठेवू नका.’ माझ्या घरावर १५ दिवसांत १९ संकटं आली होती म्हणायची. आणि प्रत्येक संकटाचं बिल मीच भरणार.

२८ जूनला तो पहिल्या फेरीला आला, सोबत ३,१५० चे नवे मासे. पिशवीतच त्यांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके होते. मी म्हटलं, हे काय? ‘शायनिंग आहे शेठ, लाइटखाली बघा.’ पिशवी सरळ टाकीत ओतली, दुकानातल्या पाण्यासकट. ८ दिवसांत सगळ्यांच्या अंगावर शायनिंग. मग १,२८० ची औषधं, त्यातली निळी बाटली मुख्य टाकीतच उपडी केली. ती मिथिलीन ब्लू. काचेच्या सांध्यांचा सिलिकॉन आजही निळा आहे, आणि फिल्टरमध्ये जे काही जिवाणू जमत आले असतील तेही तिनं मारले. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावर असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तो गळून पाण्यात पडतो, फुटतो, पिल्लं पोहत दुसरा मासा शोधतात, तेव्हाच मरतो. म्हणून औषध पुरते दिवस चालू ठेवावं लागतं, एका दिवसात थांबवून चालत नाही. नवा मासा वेगळ्या टबात ३ आठवडे ठेवा, पिशवीतलं पाणी गटारात.

आणि मग डिस्कस नावाचा महागडा मासा. इथं मला शिव्या द्याव्यात, माझी हरकत नाही. १३ जुलैला म्हणाला, ‘शेठ, स्वस्त मासे मरणारच. महाग मासा दणकट.’ आमच्या धंद्यात ते खरं आहे. चांगला भाव दिलेला माल टिकतो, स्वस्तातल्याला भुंगा लागतो. मला पटलं. १,८०० ला एक असे ४ डिस्कस, ७,२००. प्रत्यक्षात डिस्कस म्हणजे नवख्यानं हात लावू नये असा मासा. २८ ते ३० डिग्री पाणी, मुरलेली टाकी, सारखं पाणी बदलणं. ६ दिवसांत चारही गेले. वर ९४० ची औषधं. एवढं होऊनही त्यानं अरोवाना मासा काढला होता, ६५,००० चा, ‘घरात लक्ष्मी येते’. तिथं आमची ही आडवी पडली. बरं झालं. एशियन अरोवाना साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, कायदेशीर माशाच्या अंगात मायक्रोचिप असते आणि सोबत प्रमाणपत्र. ह्याच्याकडं साधं बिल नव्हतं.

तिसरी आणि शेवटची फेरी २ ऑगस्टला. सगळं पाणी काढलं, खडी धुतली, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला. टाकी आरशासारखी दिसत होती आणि मी त्याला चहा पाजला! स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका खळबळायचा असतो. पाणी आठवड्याला पाव हिस्सा बदलायचं, तेही उघड्या पिंपात दिवसभर ठेवलेलं नाहीतर क्लोरिन मारणारे थेंब घातलेलं.

२४ फेऱ्यांचे पैसे दिले, आल्या ३. मग फोन लागेना. महिनाअखेरीला गेलो तर बोर्ड उतरलेला, आत मोबाइल कव्हरचं दुकान. त्याच आठवड्यात उरलेल्या दोन कलर ग्लासांचा पट्टा पुसट होत होत पार गेला. काचेसारखे झाले. रंग सुटला. अडीच महिन्यांनी.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी जे भेटले त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘काका, मेलेले कालवणाला तरी आले का?’ खोलीतले चौघे हसले. मी ५३ वर्षांचा माणूस, हातात वही, वहीत तारीखवार आकडे. मग म्हणे, ही दिवाणी बाब. मी म्हटलं, खोटं सांगून माल विकला, ही फसवणूक आहे. चारशेवीस गेलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आलं एवढं मीही वाचलंय. तर म्हणे, ‘मग तुम्हीच साहेब व्हा.’ अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! पोलीस ठाण्यात! दीड तास बसून राहिलो तेव्हा ड्रॉवरमधून निघाला. अर्ज देऊन पोच न घेता उठू नका, रात्र झाली तरी.

बँकेत गेलो. ‘तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कुणाला दिला नाहीत, मग फ्रॉड कसला?’ १९३० ला फोन लावायचा तो ऑनलाइन चोरीत, पहिल्या काही तासांत. माझी चोरी तर अडीच महिने, माझ्याच हॉलमध्ये, लाइट लावून चालली होती. दुकानाचा परवाना कुठं नोंदलाय बघायला एका सरकारी कार्यालयात गेलो, ते म्हणाले ऑनलाइन बघा. ऑनलाइन नाव सापडेना, तर म्हणे नोंदच नसेल. नोंद नसताना भर रस्त्यावर दुकान चाललं कसं, हे विचारलं. ‘तक्रार आली नाही.’ मग ही घ्या तक्रार! ‘आता दुकान बंद आहे ना?’ दुकान चालू असताना तक्रार नाही म्हणून कारवाई नाही, तक्रार आली तर दुकान नाही म्हणून कारवाई नाही. माशांशी संबंधित म्हणून आणखी एका दारात गेलो, तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांचं काम तळ्यांचं आणि खायच्या माशांचं, शोभेच्या माशाबद्दल काही करता येणार नाही. चार दारं, सात रजा. रजेचे पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

शेवटी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतो, घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. मोबाइलवरून दिलेल्या ३३,६०० चे स्क्रीनशॉट आहेत. रोखीच्या ७,२०० ला मात्र पुरावा काय, तर त्याच्या कार्डामागं त्यानं पेननं लिहिलेलं ‘२४ व्हिजिट पेड’. डिस्काउंटसाठी रोख मागणाऱ्याचं तोंड बघून घ्या, नंतर तेवढंच उरतं. त्याला पाठवलेली नोटीस परत आली, पाकिटावर शेरा ‘पत्ता सोडून गेले’. नवा पत्ता मीच शोधून द्यायचा आहे. त्या दातांच्या डॉक्टरांना भेटलो, त्यांचेही १८,००० गेलेत. पण ते तक्रार करणार नाहीत, ‘पेशंट काय म्हणतील’. मला त्यांचा राग आला नाही. मीही चार महिने चारचौघांत गप्पच होतो.

टाकी विकली नाही. सप्टेंबरपासून गच्च मासे न भरता नीट मुरवली, किट आणलं, आठवड्याला तपासतो. काचेला चिकटून राहणारे दोन सकर मासे तेवढे पहिल्या दिवसापासून जिवंत आहेत. ‘शेठ, हे एवढेच राहतात’ म्हणून ८० ला एक दिले होते. हे फुटाच्याही वर वाढतात, ३ फुटी टाकीत कसे मावणार कुणास ठाऊक. ग्राहक आयोगातली पुढची तारीख १४ ला आहे. मोठा सकर आता वीतभर झालाय.