लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन: काही महिने पाहिल्यानंतर

आधी व्यवहाराचं. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनचा हा डीव्हीडी संच. डिस्क रीजन 1 च्या, म्हणजे अमेरिका-कॅनडासाठीच्या आहेत, आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत; रीजन-फ्री प्लेअर हवाच. 2003 ते 2008 या काळात सहा खंड निघाले, प्रत्येकात चार डिस्क. प्रिंट बहुतेक ठिकाणी सुरेख आणि जाणकारांची कॉमेंट्री तर चुकवूच नका.

तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला अमेरिकी अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग सांगते, की यातली वर्णद्वेषी थट्टा तेव्हाही चूक होती आणि आजही चूकच आहे. पण ती कापून टाकली तर असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. मला हे मनापासून पटलं.

म्हणूनच ‘सेन्सर्ड इलेव्हन’ची गैरहजेरी फार सलते. 1968 मध्ये तेव्हा हक्क असलेल्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने ही अकरा कार्टून टीव्हीच्या वितरणातून काढली. कृष्णवर्णीयांची टिंगल हाच त्यांचा पाया. चार प्रसंग कापून भागण्यासारखं नव्हतं. पुढे हक्क माध्यमसम्राट टेड टर्नरकडे गेले, तरी बंदी उठली नाही. मुलांच्या वेळेत ती दाखवू नयेत, हे अगदी बरोबर. पण नंतरच्या खंडांच्या वेष्टनावरच लिहिलंय, की हा संच प्रौढ संग्राहकांसाठी आहे. मग इथे तरी ती का नाहीत?

दुसऱ्या खंडात 1946 चं ‘द बिग स्नूझ’ आहे. बग्ज बनी हा ससा पोकळ ओंडका फिरवत राहतो आणि आत शिरलेला शिकारी एल्मर दर वेळी नेमका दरीच्या बाजूने बाहेर पडतो. हे ॲनिमेशन मूळचं दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या 1941 च्या ‘ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू’मधलं, अकरांपैकी एक. तिथे एल्मरच्या जागी पाय ओढत चालणारा कृष्णवर्णीय शिकारी आहे. शेवटी बग्ज त्याला फाशांच्या जुगाराची लालूच दाखवून अंगावरचे कपडेसुद्धा जिंकतो. दोन्ही लागोपाठ पाहा: विनोदाची करामत तीच, पण दुसऱ्यात माणसाच्या वंशाचीच चेष्टा चाललेली असते आणि हसू जागीच थांबतं. हा फरक कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा जास्त शिकवतो. या कार्टूनचा कॉपीराइट अमेरिकेत संपलेला आहे, त्यामुळे त्याच्या खराब प्रती सगळीकडे फिरतात, तेही कसल्याच संदर्भाशिवाय. दडवून साधलं काय?

2010 मध्ये हॉलिवूडला टीसीएम या जुन्या चित्रपटांच्या वाहिनीच्या महोत्सवात अकरांपैकी आठ पडद्यावर दाखवली होती, म्हणजे नीट दाखवता येतात. वॉर्नरने ती टिपणांसह, प्रौढांसाठी काढावीत. मी पहिल्या दिवशी घेईन.

तोवर एकच खंड परवडणार असेल तर तिसरा घ्या. दोन जमत असतील तर सोबत दुसरा.