रिमॅप केलेल्या १.८ टर्बोसाठी एनजीके बीकेआर७ईआयएक्स: प्लग योग्य, पण गॅप बदलूनच बसवा

भारतात आलेली पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती)चं टर्बो इंजिन. रिमॅप (इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, बदलणं) आणि मोकळा एक्झॉस्ट केला की याच टर्बोवर आणखी ३०-४० पीएस मिळतात. मग प्रश्न येतो ठिणगी देणाऱ्या स्पार्क प्लगचा, आणि दुकानदार सर्वांत महागडा डबा पुढे करतो. आपण मात्र टोकाच्या धातूच्या आधी प्लगचा नंबर बघायचा.

एनजीके कंपनीच्या बीकेआर७ईआयएक्स या प्लगचं नाव नीट वाचलं की अर्धं काम होतं. बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर (रेडिओतली खरखर कमी करणारा रोध), ७ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि आयएक्स म्हणजे इरिडियम धातूचं टोक. शेवटी ‘-११’ लिहिलेला डबा आला तर परत करा. त्याचा गॅप (टोक आणि बाहेरची पट्टी यांच्यातलं अंतर) १.१ मिमी असतो आणि वाढीव बूस्टला (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेच्या दाबाला) तो फार होतो.

एनजीकेमध्ये आकडा वाढतो तसा प्लग थंड होत जातो. बॉश कंपनीच्या प्लगमध्ये नेमकं उलटं, आणि डेन्सो कंपनीचा २२ म्हणजे एनजीकेचा ७. थंड प्लगची ठिणगी थंड नसते. त्याच्या चिनीमातीचं नाक आखूड असतं, त्यामुळे उष्णता लवकर हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) उतरते. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंशांच्या मध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही; त्यावर गेलं तर टोकच निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. एका नंबराने टोकाचं तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलतं.

एनजीकेचा ढोबळ नियम आहे की ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली तर एक नंबर थंड जा. त्या हिशेबाने नुसत्या रिमॅपला मूळचा ६ पुरायला हवा. तरीही आम्ही ७ सुचवतो, कारण हा नियम आपल्या उन्हाळ्याचा विचार करत नाही. मे महिन्यात भरलेली गाडी कसारा घाट चढताना इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) तापलेला, टाकीत साधं पेट्रोल आणि बूस्ट मिनिटामिनिटांचं. तिथे ती एक पायरी उपयोगी पडते. गाडी फक्त पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्येच फिरत असेल तर मात्र ६च ठेवा. ८ तर रस्त्यावरच्या गाडीत घालूच नका, दोन-तीन आठवड्यांत काळा पडून सकाळी स्टार्टिंगला त्रास देईल. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं: टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किंवा इंधनामुळे होणारं नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) थंड प्लगने बरं होत नाही. ते मॅपमध्येच दुरुस्त करावं लागतं.

गॅप हा या प्लगचा खरा कळीचा मुद्दा. डब्यातून तो ०.८ मिमीवर येतो. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला प्लगला वीज देणाऱ्या कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि मग चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला, बूस्ट शिखरावर असतानाच गाडी अडखळते. ०.७ वर आणा. तरीही अडखळली तर ०.६५. त्याच्याही खाली जायची वेळ आली तर कॉइल तपासा. उगाच गॅप कमी करत गेलात तर ठिणगी लहान होते आणि आयडलिंग बिघडतं.

इरिडियमचं टोक जेमतेम ०.६ मिमी जाडीचं. नाण्यासारखं गोल गेज गॅपमध्ये खुपसून रेटलं की ते तुटतं. बाहेरची पट्टीच पकडीच्या हत्याराने हळूच वाकवायची, आणि मोजायला तारेचं गेज घ्यायचं.

इंजिन पूर्ण थंड असतानाच प्लग काढा. आधी प्लग बसतो त्या विहिरीतली (खळग्यातली) धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवा, मग टॉर्क रेंचने २५ ते ३० न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. आटे गुळगुळीत होतात, रेंच तोच आकडा दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे असेच जातात. हातातून पडलेला प्लग वापरू नका, चिनीमातीला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

पर्याय म्हणून साधा बीकेआर७ई उत्तम आहे. त्याला सगळे ‘कॉपर’ म्हणतात, पण तांबं फक्त गाभ्यात असतं, टोक निकेलच्या मिश्रधातूचं. ते लवकर झिजतं आणि गॅप वाढत जातो, म्हणून दर ७-८ हजार किलोमीटरला गॅप तपासा, १५ हजारांच्या आत बदला. मॅप अजून पक्का झाला नसेल तर हाच स्वस्त प्लग घाला. इरिडियमने ताकद वाढत नाही. जास्त टिकाऊपणा आणि बारीक टोकामुळे कॉइलवर कमी ताण, एवढ्यासाठीच जादा पैसे द्यायचे.

नकली माल भरपूर आहे. अस्सल प्लगचं वॉशर सहज निघून हातात येत नाही, छपाई फिसकटलेली नसते, टोक बाहेरच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर असतं. हजारभर किलोमीटरनंतर एकदा प्लग काढून बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड किंवा प्लग फार थंड. पांढरं, फोड आलेलं नाक किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके दिसले तर गाडी पुढे न चालवता ट्यूनरकडे (मॅप करणाऱ्याकडे) न्या.