५२ सीसी टू-स्ट्रोक गवत कापायचं मशीन : आठ महिने वापरल्यानंतर (आणि एका रबरी बल्बने खाल्लेले तीन दिवस)

२४ जानेवारीचा चौथा शनिवार, मग रविवार, मग २६ चा सोमवार, असे सलग तीन दिवस आम्हाला वर्षात क्वचित मिळतात. मी बँकेत आहे त्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार एवढंच माझ्या हातात. वेल्ह्याकडे सासूबाईंच्या वाट्याला आलेली २० गुंठे जमीन आणि त्यावर आम्ही बसवलेली २० बाय १० ची केबिन, तिच्याभोवती जाळरेषा (वणवा पुढे येऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायची हे दिवाळीपासून ठरलेलं होतं. पहाटे साडेपाचला पुण्यातून निघालो, नसरापूरला चहा घेतला, पोचल्यावर बूट चढवले, पट्टा अडकवला, टाकीत पेट्रोल-ऑइलचं ताजं मिक्स घातलं आणि प्रायमर बल्ब दाबला. फुस्स. परत दाबला, फुस्स. पेट्रोल वर येतच नाही. नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर बल्बच्या कडेला, जिथे तो पत्र्याच्या चकतीखाली जातो तिथे, केसाएवढी बारीक चीर.

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना माहितीये, पण घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी सांगते, हा बल्ब म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा पारदर्शक रबराचा फुगा, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) खाली बसवलेला. मला आधी वाटायचं दाबलं की पेट्रोल पुढे ढकललं जातं. तसं नाहीये. तो टाकीतून पेट्रोल कार्बोरेटरमधून ओढून घेतो आणि जास्तीचं दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवतो. म्हणजे चीर गेली की तो पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि मग तुम्ही दोरी शंभर वेळा ओढा, खांदा जाईल पण इंजिन बोलणार नाही. आम्ही एम-सील लावून बघितलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बघितला, काही उपयोग नाही. एवढ्याशा फुग्यापायी तीन दिवस गेले. विळ्याने दोघांनी मिळून कसाबसा बारा-पंधरा फुटांचा पट्टा काढला, बाकी सगळं कुसळी गवत कमरेएवढं, वाळून खडखडीत, केबिनच्या पत्र्याला टेकलेलं.

आणि शनिवारी रात्रीच समोरच्या डोंगराला वणवा लागला. नवं गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवून देतात आमच्याकडे, दरवर्षीचं आहे. मधे ओढा आहे, ओढ्यापलीकडची आग सहसा इकडे येत नाही, हे माहीत असूनही आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत पायरीवर बसून होतो, बादल्या भरून ठेवलेल्या, आणि ती केशरी रेघ उतारावरून हळूहळू खाली येताना बघत होतो. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी वारा पडला आणि ती विझत गेली. त्या रात्रीनंतर मला त्या बल्बबद्दल शांतपणे बोलता येत नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा त्याच्याभोवतीच फिरेल.

आता मुळापासून. मशीन जून २०२५ मध्ये घेतलं, ९,८०० रुपये. कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही कारण आत तेच इंजिन, १ई४४एफ-५, जे कित्येक नावांनी आणि रंगांनी विकलं जातं, आणि हे खरं तर या मशीनचं सगळ्यात चांगलं आहे, पुढे सांगते. त्याआधी गावातला एक जण स्वतःच्या मशीनने कापून द्यायचा, दिवसाचे १५०० आणि आमच्या जागेला दोन दिवस. त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, मुंबईत २६ मेला मान्सून लागला तोवर आमच्याकडे टाकळा गुडघ्याला आला होता. एरवी जूनमध्ये त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, त्या वर्षी भाजीचा मोसम कधी आला नि कधी गेला कळलंच नाही. त्या माणसाला सगळीकडूनच बोलावणी होती, आमचा नंबर लागेना, म्हणून घेतलं.

चालवते मी, कारण नवऱ्याचा उजवा खांदा धरलेला आहे. तो मागून दाताळ्याने गवत ओढतो, मिक्स तयार करतो आणि वहीत तास लिहितो. मशीन चालू असताना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरल्यात. त्याने दाताळं उभं धरलं की मी लगेच हात सोडून मशीन बंद करायचं, बाकी कशासाठी दाताळं उभं धरायचं नाही. तो माझ्यापासून पंधरा मीटरच्या आत येत नाही. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे आणि मी ते आधी मनावर घेतलं नव्हतं. जुलैमध्ये पात्याखालून उडालेला सुपारीएवढा दगड केबिनच्या सरकत्या खिडकीची काच फोडून आत गादीवर पडला, त्या दिवसापासून पाळतो.

काम मात्र जबरदस्त करतं. ताकदीला कुठे कमी नाही. रानमोडी, घाणेरीची अंगठ्याएवढी खोडं तीन पात्यांच्या ब्लेडने सरळ जातात. वजन जाणवतं, एका खांद्याच्या पट्ट्यावर काम करू नका, दोन्ही खांद्यांचा पट्टा वेगळा मिळतो तो घ्याच. हादरे हा खरा त्रास आहे. पहिल्या महिन्यात सलग दोन-दोन तास चालवायचे, सोमवारी काउंटरला बसले की बोटांना झिणझिण्या, कीबोर्डवर हात पडल्याचं कळायचं नाही. आता वीस मिनिटं चालवते, दहा मिनिटं बंद, तेवढ्यात ओढलेलं गवत बघते, पाणी पिते. त्रास गेला. उलट ती दहा मिनिटं आता मला आवडायला लागली आहेत, आठवडाभराचं बोलणं आमचं त्या दहा-दहा मिनिटांतच होतं.

नायलॉन दोरीबद्दल एक. दगडांच्या कडेला आणि केबिनच्या भिंतीलगत दोरीशिवाय पर्याय नाही, पण दोरी तुटत-झिजत जाते आणि तिचे बारीक तुकडे गवतात राहतात. शेजारच्या मामांच्या दोन गायी आहेत, ऑगस्टमध्ये हिरवं गवत त्यांना द्यायला लागलो तेव्हा त्यांनी मूठभर उचलून उन्हात धरलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात ह्ये पिवळं काय हाय? जनावराच्या पोटात जाईल की." पिवळी दोरी होती. ते अख्खं गवत आम्ही बाजूला टाकलं. आता गुरांना द्यायचं गवत फक्त ब्लेडने कापायचं आणि दोरीने कापलेलं कंपोस्टलाही घालायचं नाही. रिव्ह्यूंमध्ये हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

मामांनीच अजून एक सांगितलं होतं, हिरड्याखालचा ओलसर कोपरा जूनमध्ये कापू नका, काजवे तिथे असतात. नाही कापला. रात्री त्या एवढ्याशा कोपऱ्यात जे काही लुकलुकत होतं ते बघून नवरा म्हणाला, हा कोपरा आपला कधीच कापायचा नाही.

आता सर्व्हिसचं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मशीन बंद पडलं. चोकवर सुरू व्हायचं, चोक काढला की दम तोडायचं. पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेलं, सहा महिन्यांची वॉरंटी होती. त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, कार्बोरेटर गेलाय, १,८५० रुपये आणि मजुरी ४५०, वॉरंटीत बसत नाही कारण पेट्रोलमुळे झालंय. मी म्हटलं पेट्रोलच्या मशीनमध्ये पेट्रोल नाही घालायचं तर काय घालायचं? खूप वाद झाला. बिल मी बघत होते, त्यात कार्बोरेटरचं काय बिघडलं हे एका शब्दाने लिहिलेलं नव्हतं. मशीन न दुरुस्त करता उचलून आणलं. ९,८०० च्या मशीनला दोन महिन्यांत २,३०० घालायला माझं मन तयारच होईना.

नसरापूरला रस्त्याकडेला पंपसेट आणि फवारणी पंप दुरुस्त करणारा एक माणूस बसतो, त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चार स्क्रू काढून कार्बोरेटर उघडला आणि आतला पातळ पडदा चिमट्यात धरून दाखवला. कडक झालेला, कडा वर वळलेल्या, वाळलेल्या पापडासारखा. मग टाकीतलं पेट्रोल पांढऱ्या बाटलीत ओतून उन्हात धरलं, खाली बोटभर वेगळा गढूळ थर. म्हणाला, "वहिनी, हे पंधरा दिवस टाकीतच ठेवता ना?" ठेवायचोच. पंधरा दिवसांनी येतो, उरलेलं तसंच असतं. आता पंपावर बहुतेक वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आमच्याकडे पावसाळ्यात भिंती घामेजतात अशी हवा, पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन नेमकं तळाचंच ओढतं. त्यात रबर नि पडदे जुन्या पद्धतीचे, ते फुगतात, कडक होतात, चिरतात. पडद्याचं किट १२० रुपये, त्याची मजुरी १५०. पहिल्या दोरीला सुरू झालं.

म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले पेट्रोलबद्दल खरं बोलत होते. हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं, आता करते. पण १२० रुपयांचा पडदा बदलायचा सोडून अख्खा कार्बोरेटर माथी मारायला निघाले, आणि पेट्रोल टाकीत ठेवू नका हे वाक्य विकताना कोणीच बोललं नाही, हा माझा राग आजही तसाच आहे. आणि मशीनला मी जी नावं ठेवत होते ती मात्र मागे घेते. इंजिन साधं आहे, उघडलं की सगळं दिसतं, आणि एकच इंजिन सगळ्यांचं असल्यामुळे पार्ट कुठलाही कुठेही बसतो. स्पार्क प्लग एल७टी, त्याचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी, एअर फिल्टर महिन्यातून एकदा पेट्रोलमध्ये नको, साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पूर्ण वाळवून मगच लावायचा.

ऑगस्टपासून आमची पद्धत अशी. मिक्स जागेवर बनवायचं, लागेल तेवढंच. लिटरला ४० मिली ऑइल, म्हणजे २५ ला १, नवरा वीस मिलीच्या सिरिंजने दोनदा ओढून घालतो, अंदाजे झाकणाने नाही. रविवारी दुपारी टाकी उपडी करून रिकामी, मग बल्ब सात-आठ वेळा दाबून नळीतलंही टाकीत परत आणायचं, ते ओतायचं, आणि उरलेल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. यावरून आमची भांडणं झालीत, कारण रविवारी संध्याकाळी कात्रजचं ट्रॅफिक डोळ्यासमोर असतं आणि त्याला निघायची घाई असते. आता वहीत तासांच्या पुढे 'टाकी रिकामी' असा रकाना केलाय, तो भरल्याशिवाय केबिनला कुलूप लागत नाही.

मग जानेवारीत बल्ब कसा गेला? पडदे बदलले, बल्ब जुनाच राहिला. जून ते ऑगस्ट त्याने जे इथेनॉल सोसलं होतं ते सोसलंच होतं, वर केबिनच्या पश्चिमेच्या खिडकीशी मशीन टेकवून ठेवायचो तिथे रोज दुपारचं ऊन. रबर पिवळसर पडलं होतं, हे आता आठवतं. बल्ब पिवळा दिसला की वाट बघू नका, बदला. नाना पेठेत ४० रुपयांना मिळाला, दोन स्क्रू, दहा मिनिटांचं काम. चाळीस रुपये. तीन दिवस गेले, पेट्रोल-टोल गेला, एक रात्र जीव मुठीत धरून काढली, त्या चाळीस रुपयांच्या वस्तूपायी. विकणाऱ्याने मशीनबरोबर दोन पाने (स्पॅनर), एक सुती हातमोजा, एक न चालणारा चष्मा दिला होता. त्याऐवजी एक जादा बल्ब टाकला असता तर मी त्याचं नाव दहा जणांना सांगितलं असतं.

पैशांचं विचाराल तर वहीत सगळं आहे. चार कापण्या झाल्या, २२ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण २,३००, ऑइल ४००, दोरी ३५०, मशीन ९,८००, बेरीज १२,८५०, वर दुरुस्तीचे ३१०. माणूस लावला असता तर चार वेळा दोन-दोन दिवस, १२,०००. म्हणजे पहिल्या वर्षी काही वाचलेलं नाही, हजारेक रुपये जास्तच गेले. पुढच्या वर्षीपासून कापणीमागे दोन हजारांच्या वर सुटतील. दहा गुंठ्यांपेक्षा कमी जागा असेल आणि महिन्यातून एकदाच जाणार असाल तर मी बॅटरीवालं बघा म्हणेन, निदान पेट्रोलची ही कटकट नाही. आमच्यासारखं कुसळी, रानमोडी आणि उतार असेल तर हेच.

१४ फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी नव्या बल्बने पाचव्या दाबाला पेट्रोल वर आलं, तिसऱ्या दोरीला इंजिन सुरू. पश्चिमेची सगळी बाजू काढली, केबिनपासून पंधरा फुटांची जमीन आता उघडी आहे, गवत ओढून खड्ड्यात. रविवारी महाशिवरात्र होती, गावातलं भजन खालून ऐकू येत होतं आणि त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

जादा बल्ब तीन घेतलेत. केबिनमध्ये उंदीर रबर कुरतडतात, त्यामुळे ते स्टीलच्या डबीत घालून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत, पडद्याच्या किटशेजारी.