मोरिनी सीएम १६२ ईआय आणि स्टायर एलपी १०: नऊ महिन्यांच्या वापरानंतर, आणि जुनं मॅच पिस्तूल घेण्याआधी

दोन्ही १० मीटर स्पर्धेची एअर पिस्तुलं, नळी ४.५ मिमी. दोन्हींत २०० बारपर्यंत भरायचा हवेचा सिलिंडर, वजन दोन्हींचं किलोच्या आसपास आणि दोन्ही जुन्या बाजारातली. नऊ महिन्यांत मिळून साधारण चौदा हजार पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) यांच्यातून गेले. मत आधीच सांगतो: नळीच्या अचूकतेवरून या दोघांत निवड करायला जाऊ नये. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्कं धरलं की दोन्ही पाचच्या पाच पेलेट जवळजवळ एका भोकात टाकतात. जो काही फरक आहे तो तळहातात, बोटाखाली आणि हवा अडवणाऱ्या सीलमध्ये आहे. जुनं पिस्तूल विकत किंवा अदलाबदलीत घेताना तपासायचंही तेच, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडून नाव आणि पॉलिश बघत बसतात.

ट्रिगरपासून सुरुवात करू. मोरिनीच्या ईआय आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आहे. बोटाला जे वजन लागतं ते फक्त स्प्रिंगचं, व्हॉल्व्ह उघडायचं काम वीज करते. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिला मोकळा, दुसऱ्यात गोळी सुटते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याचा तुटणारा बिंदू अतिशय स्वच्छ लागतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. एलपी १० च्या यांत्रिक ट्रिगरमध्ये धातूची कड धातूवरून सुटते. ती सुटण्याची जाणीव बोटाला जास्त भरीव मिळते आणि कित्येक नेमबाजांना तीच हवी असते. यात चांगलं-वाईट काही नाही, सवयीचा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा ड्राय फायरमध्ये, म्हणजे गोळी न घालता केलेल्या सरावात, कळतो. रोज भिंतीसमोर शंभर वेळा ट्रिगर दाबायचा असेल तर हवा खर्च होत नाही आणि पकड मोडून लिव्हरशी (पिस्तूल चढवायच्या दांड्याशी) खेळावं लागत नाही. यांत्रिक ट्रिगर दर वेळी पुन्हा चढवावा लागतो, म्हणजे दर वेळी पकड हलते. त्याच्या बदल्यात यांत्रिकला बॅटरीची काळजी नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये सराव संपल्यावर स्विच बंद करायचं राहिलं की ऐन मालिकेत पिस्तूल गप्प बसतं, म्हणून किटमध्ये एक नवी बॅटरी कायम हवी.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. नळी उभी धरून, वजन ट्रिगरच्या मध्यावर टांगून ते उचललं गेलं पाहिजे. बरोबर ५०० वर लावणं ही चूक आहे. थंडीत ग्रीस घट्ट होतं, उन्हाळ्यात पातळ होतं आणि आकडा दोन्हीकडे सरकतो. ५१५ ते ५२० ग्रॅमवर ठेवलं तर तपासणीच्या टेबलावर धडधड होत नाही. विभागणी पहिल्या टप्प्यात ३५० आणि दुसऱ्यात साधारण १६५ अशी ठेवली तर बहुतेकांना झेपते. दुसरा टप्पा फार हलका केला की पहिल्याच्या शेवटी बोट थांबत नाही आणि गोळी आपण ठरवण्याआधी सुटते.

यांत्रिक ट्रिगर लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मागचा थांबा-स्क्रू पूर्ण मोकळा करायचा. मग पहिल्या टप्प्याची लांबी, मग दुसऱ्याचं वजन, मग पहिल्याचं वजन, आणि अगदी शेवटी थांबा-स्क्रू पुन्हा आत आणायचा. उलट्या क्रमाने गेलं तर थांबा आधीच टेकलेला असतो आणि दुसरा टप्पा सुटतच नाही, मग लोक वजनाचा स्क्रू वेड्यासारखा फिरवत बसतात. एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नाही आणि मूळ जागा कागदावर लिहून ठेवायची. शेवटची चाचणी कधीही टाळू नये: पेलेट न घालता, नळी लक्ष्याकडे ठेवून लिव्हर दहा वेळा नेहमीच्या जोराने मिटायची. एकदा जरी आपोआप सुटलं तर सिअरची, म्हणजे एकमेकींवर अडलेल्या त्या धातूच्या कडांची, पकड फार कमी झाली आहे. ते पिस्तूल तसं वापरायचं नाही, कोणाला द्यायचंही नाही.

धक्क्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. एलपी १० मध्ये गोळी सुटताना उलट दिशेने सरकणारं एक छोटं वजन आहे, ते धक्का खाऊन टाकतं. साइट (नेम धरायची खूण) जिथे होती तिथेच राहिल्यासारखी दिसते आणि फॉलो थ्रू, म्हणजे गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवणं, शांत होतो. मोरिनी सीएम १६२ मध्ये असं वजन नाही. धक्का अगदी लहान, पण डोळ्याला दिसतो. शिकणाऱ्यासाठी हे उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. फ्रंट साइट दर वेळी सरळ वर उडून परत खाली बसत असेल तर पकड सारखी आहे. ती कधी वर-डावीकडे, कधी वर-उजवीकडे उडत असेल तर अंगठा किंवा करंगळी ढकलते आहे. धक्का शोषणाऱ्या पिस्तुलात हा निरोप दबून जातो आणि चूक महिनाभर कळत नाही.

आता थोडा हिशेब. दोन साइटमधलं अंतर ३३० मिमी धरलं तर साइट एकमेकींशी ०.१ मिमी चुकली की १० मीटरवर गोळी ३ मिमी सरकते. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. पेलेटची जाडी धरून, त्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असलं तर १० मिळतात. म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त चूक आणि दहा गेले. याउलट हात तसाच समांतर ३ मिमी हलला तर गोळीही फक्त ३ मिमी हलते. म्हणून दोन पिस्तुलांत निवड करताना हात कुठे किती डोलतो यापेक्षा साइट आपोआप रेषेत येतात का, हे बघायचं. आणि ते ठरवते ग्रिप.

ग्रिपची चाचणी सोपी आहे. पिस्तूल नीट धरायचं, डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीला न्यायचा, दोन श्वास थांबायचं आणि डोळे उघडायचे. हे दहा वेळा. फ्रंट साइट सातत्याने मागच्या साइटच्या खाचेच्या एका बाजूला दिसली तर ग्रिप त्या मानाने फिरवायची, खाली बुडालेली दिसली तर ग्रिपचा कोन बदलायचा. दोन्ही पिस्तुलांत यासाठी सोय आहे. एलपी १० मध्ये ती बरीच मोकळी आहे. मोरिनीची ग्रिप मुळातच हाताला भरून बसते, त्यामुळे तिला कमी छेडावं लागतं. दर वेळी वेगळ्या बाजूला दिसत असेल तर कोनाचा दोष नाही, ग्रिपचा साइज चुकला आहे.

भर घालायची असेल तर दोन भागांची इपॉक्सी वुड पुट्टी. आधी ग्रिपला खडूची भुकटी लावून वीस मिनिटं ड्राय फायर करायचं. जिथली भुकटी तशीच राहिली तिथे हात टेकतच नाही. फक्त तिथे, दीड-दोन मिलिमीटरचा थर, हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून दाबायचा आणि दहा मिनिटं पकड सोडायची नाही. सुकल्यावर आधी १२० नंबरचा, मग २४० चा पॉलिश पेपर. ग्रिप गुळगुळीत करू नये, घाम आल्यावर ती निसटते. आणि एक मोजमाप विसरू नये: पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. पुट्टी आणि रुंद पाम रेस्ट (तळहाताचा टेकू) मिळून ते ५० कधी ओलांडतात कळतही नाही. घरी दोन सपाट फळ्या ५० मिमीवर उभ्या करून बघितलं की झालं.

पेलेटमध्ये फार वेळ घालवायची गरज पडली नाही. ४.४९ आणि ४.५० मिमी या दोन हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याचा व्यास), ०.४५ ते ०.५३ ग्रॅममधले दोन-तीन प्रकार व्हाइसमधून दहा-दहा मारून बघायचे, जो गोल ग्रुप देईल त्याच लॉट नंबरचे डबे साठवायचे. नळी साफ करायला फेल्टचे तुकडे पुरेत, ब्रश नको.

आता सिलिंडर, ज्यावर जुन्या पिस्तुलाची सगळी किंमत अडलेली असते. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि स्पर्धेसाठी त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत टळलेला सिलिंडर नुसता तपासणीत बाद होतो असं नाही, २०० बार हा हाताजवळ राहणारा प्रचंड दाब आहे. सरावालाही तो वापरू नये. दोन सिलिंडरसह मिळणारं पिस्तूल स्वस्त वाटतं, पण दोन्हींना वर्षच उरलं असेल तर सौदा पिस्तुलाचा नाही, नव्या सिलिंडरांच्या खर्चाचा आहे. एका कंपनीचा सिलिंडर सहसा दुसरीला बसत नाही. भरायचा अॅडॅप्टरही पिस्तुलाबरोबरच मागून घ्यायचा, कारण आट्यांचे प्रकार वेगवेगळे असतात.

भरताना सावकाश, थांबत थांबत. घाईत भरलेला सिलिंडर तापतो आणि २०० दाखवतो. थंड झाल्यावर काटा दहा-पंधरा बारने खाली येतो आणि लोक गळती समजून घाबरतात. खोलीचं तापमान १० अंशांनी उतरलं तरी २०० चे १९३ दिसतात. ओ-रिंगला (रबराच्या गोल सीलला) सिलिकॉन ग्रीसच लावायचं, खनिज तेल कधीच नाही: जास्त दाबाच्या हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते. सिलिंडर पिस्तुलावरून काढताना थोडी हवा फुस्स होणं नेहमीचं आहे, पण आटे जड लागले तर जोर करू नये.

गळती खरोखर आहे का आणि कुठे, हे शोधायला चार दिवस लागतात. भरलेला सिलिंडर पिस्तुलापासून वेगळा करून ४८ तास ठेवायचा. काटा पडला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. नाही पडला तर पिस्तुलाला लावून आणखी ४८ तास. आता पडला तर दोष पिस्तुलाच्या सीलमध्ये. नळीच्या मागच्या सीलसाठी पातळ टिश्यूची पट्टी जोडाशी धरून एक गोळी झाडायची. पट्टी फडफडली तर तिथली ओ-रिंग गेली. ही सगळ्यात हलकी दुरुस्ती आहे, त्यासाठी सौदा मोडू नये.

मोडायचा असेल तर रेग्युलेटरसाठी. सौद्याच्या टेबलावर सहसा न तपासला जाणारा दोष हाच. रेग्युलेटर २०० बारचा दाब कमी करून पुढच्या कप्प्यात देतो. त्याची सीट (झडप जिथे टेकते ती जागा) झिजली की हवा हळूहळू पुढे झिरपत राहते आणि पिस्तूल जितका वेळ पडून राहील तितका कप्प्यातला दाब वाढतो. बाहेर एक बुडबुडा येत नाही, काटाही पडत नाही. पकडायचं ते क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने: पिस्तूल भरून तीस मिनिटं ठेवायचं, मग लागोपाठ दहा गोळ्या. पहिली १५८ मीटर प्रतिसेकंद आणि पुढच्या १५०, १५०, १४९ अशा आल्या तर सीट गेली. दहाच्या दहा दोन-तीन मीटरच्या आत राहिल्या तर रेग्युलेटर निरोगी आहे. १५८ आणि १५० यांतला फरक १० मीटरवर नुसत्या गुरुत्वाच्या हिशेबाने दोन मिलिमीटरचा पडतो. सामन्यात ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, नेमबाज मध्येच हात खाली घेतो, मिनिटभर थांबतो, आणि नेमकी थांबल्यानंतरची गोळी वर जाते. कारण माहीत नसेल तर तो साइट फिरवतो आणि पुढच्या पाच खाली घालतो. विकणारा "क्रोनोग्राफ कशाला, पिस्तूल मस्त चालतंय" म्हणाला तर क्रोनोग्राफ आपण न्यावा.

अदलाबदल करताना क्रम असा ठेवावा. फ्रेमवरचा नंबर आणि कागदांवरचा नंबर जुळतो का आणि हस्तांतर तिथल्या नियमात बसतं का, हे सर्वांत आधी. तिथे अडलं तर पुढचं काही बघायचं कारण नाही. मग सिलिंडरची तारीख, मग क्रोनोग्राफ, मग लिव्हर दहा वेळा मिटून ट्रिगर. उजव्या की डाव्या हाताची आणि कुठल्या साइजची ग्रिप आहे हे शेवटी, कारण ग्रिप सुटी बदलता येते. नळीचं तोंड भिंगाने बघावं, कडेवर टोचा असेल तर ग्रुप एका बाजूला पसरतो.

सिलिंडरचा व्यापच नको असेल त्यांच्यासाठी दोन जुनी नावं अजून बाजारात फिरतात. इझ ४६ एम लिव्हरच्या एका दाबात हवा भरते, स्वतः भरायचं, झाडायचं, पुन्हा भरायचं. भरून ठेवलेली सोडायची नाही, सील बसून जातं. आणि फाइनवेर्कबाउ ६५, स्प्रिंगचं पिस्तूल, ज्यात वरचा सगळा भाग मागे सरकून धक्का खातो आणि ट्रिगर ५०० वरून १३६० ग्रॅमवर नेता येतो. दोन्हींत ६० गोळ्या म्हणजे ६० वेळा लिव्हर ओढणं, आणि चाळिसाव्या गोळीनंतर खांद्याला ते जाणवतं.

या दोन पिस्तुलांपैकी हातात कुठलं राहावं? रोज घरी ड्राय फायर करणाऱ्याकडे मोरिनी. आठवड्यातून तीनदा रेंजवर जाऊन प्रत्यक्ष गोळ्यांवरच भर देणाऱ्याकडे एलपी १०; तिच्यानंतर त्याच कंपनीची ईव्हो १० आली आहे, त्यामुळे एलपी १० घेताना सील आणि स्प्रिंगचा एक पूर्ण सुटा संच बरोबर मिळतो का, हे विचारूनच हात मिळवावा.