पितळेपुढे हा मुका! मॅग्नेटिक लोकेटर, सहा महिने वापरून

रानात जुन्या सर्व्हेच्या, म्हणजे जमीन मोजणीच्या, खुणा शोधत फिरायचा नाद लागला की आज ना उद्या माणूस ही जमिनीतलं लोखंड हुडकणारी काठी (मॅग्नेटिक लोकेटर) घेतोच, मीही घेतली. लोखंडी खुणा शोधत असाल तर डोळे झाकून घ्या, पण जाहिरातीत ते 'सर्व प्रकारच्या सर्व्हे मार्करसाठी' लिहिलेलं असतं ना, ती शुद्ध थाप आहे.

आधी चांगलं सांगतो. काठीत दोन सेन्सर असतात, एकमेकांपासून साधारण अर्ध्या मीटरवर, जमिनीत लोखंड असलं की खालच्याला जास्त जाणवतं, वरच्याला कमी, आणि त्या फरकावर आवाज चढतो. हद्दीला ठोकलेली उभी सळई असेल तर बरोबर तिच्या डोक्यावर एकच चढा सूर येतो, आडवा पाइप पडलेला असेल तर दोन टोकांना दोनदा ओरडतो. हा फरक कानाला कळायला मला महिना लागला, तोवर घोड्याचे नाल आणि गंजलेले बोल्ट इतके निघाले की भंगाराचं दुकान टाकता आलं असतं. तारेच्या कुंपणाजवळ मात्र गेन (संवेदनशीलता) कमी करा, नाहीतर नुसता कल्ला.

आता मुख्य दुखणं. बऱ्याच जुन्या सरकारी खुणा म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेली पितळेची चकती, आणि पितळ काय, अ‍ॅल्युमिनियम काय, चुंबकाला भीक घालत नाहीत. काँक्रीटच्या आत सळई असेल तर नशीब. मी एका टेकाडावर दोन तास काठी फिरवली, चूं नाही की चां नाही, शेवटी मित्राचा साधा मेटल डिटेक्टर मागून आणला तर तो पाच मिनिटांत वाजला, चार बोटं मातीखाली हिरवट पडलेली चकती! खुरपं बाजूला ठेवून ब्रशने माती झाडली तसा मधला बाण दिसला. म्हणजे ही मुख्य खूण नव्हतीच, तिच्याकडे बोट दाखवणारी रेफरन्स मार्क होती. बाणाच्या दिशेने, खुणेच्या सरकारी नोंदीत लिहिलेलं अंतर टेपने मोजलं आणि झुडपात मुख्य चकती सापडली. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर काय, 'बॅटरी बदलून बघा'. अहो बॅटरीचा काय संबंध!

आणि खरं सांगू, यंत्राआधी जुनी नोंद नीट वाचा. अमेरिकेतल्या नोंदींत कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांश) 'स्केल्ड' लिहिलेले असतील तर ते नकाशावरून मोजलेले असतात, ६ सेकंदांची (वेळेचे नव्हे, अंशाचे सेकंद) चूक म्हणजे जागेवर जवळपास १८० मीटर, तिथे ही काठी घेऊन किती फिरणार? अशा वेळी नोंदीत लिहिलेला पूल, रस्त्याचा फाटा, मैलाचा दगड हेच कामाला येतात (झाडावर भरवसा ठेवू नका, ते कधीच तोडलेलं असतं). जमीनमालकाला विचारूनच शिरायचं, आणि सापडलेली खूण हलवायची नाही, फोटो काढून माती परत सारायची, चकती उखडून घरी नेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पाचपैकी तीन स्टार. एक कापलाय जाहिरातीच्या थापेबद्दल, एक त्या बॅटरीवाल्या उत्तराबद्दल. परवा पुन्हा अर्धा तास एकाच जागी जोरात वाजत होता, मी खूश, आणि मग लक्षात आलं की पायात स्टीलच्या टोपीचे बूट आहेत. त्याचा स्टार मात्र कापला नाही.