बगॅस (उसाचा चोथा), केळीचं खोड की भाताचं तूस? स्टार्चच्या प्लास्टिकला टेकू कुणाचा

चाकणला मित्र छोटं युनिट टाकतोय, रोपांच्या कुंड्या आणि ट्रे करायचेत स्टार्चच्या प्लास्टिकचे, त्यात शेतातला कुठला कचरा मिसळू म्हणून विचारत होता, त्याला जे सांगितलं तेच लिहितो.

नुसता स्टार्च आणि ग्लिसरीन घेतलं तर पावसाळ्यात माल मऊ पडतो, ग्लिसरीन कमी केलं की तडकतो, आणि ठेवून ठेवून शिळ्या भाकरीसारखा कडक होतो (कारणही तेच, स्टार्चच्या साखळ्या परत घट्ट बसतात). म्हणून टेकूला शेतातल्या कचऱ्याचा धागा घालायचा. धाग्यातलं सेल्युलोज आणि स्टार्च तसे भाऊबंदच, दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या, म्हणून चिकटतात छान. पॉलिप्रॉपिलीनमधे (नेहमीच्या प्लास्टिकमधे) हेच धागे घातले तर ते चिकटावेत म्हणून वेगळं काहीतरी घालावं लागतं.

केळीचा धागा ताकदीला भारी, सेल्युलोज भरपूर आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा भाग) कमी. पण ओल्या खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे जळगावकडच्या रावेर-यावलहून खोडं आणायची म्हणजे पाणीच वाहायचं, धागा तिकडेच काढून आणायला पाहिजे. शिवाय लांब धागा हॉपरमधे (मशीनमधे माल ओतायच्या नरसाळ्यात) गुंता करतो, बारीक कापूनच घालावा लागतो. महागात पडतो रे.

तूस मावळ-भोरच्या भातगिरण्यांतून मिळेल, पण त्यात १५ ते २० टक्के सिलिका (वाळूतली असते तीच), मशीनचं स्क्रू-बॅरल घासून जातं, आणि मजबुतीपेक्षा नुसती भर जास्त होते. मी तरी नाही घेणार.

राहिला बगॅस. बारामती, इंदापूर, दौंड, कारखाने जवळच. फुकट मिळेल असं मात्र समजू नको, बॉयलरमधे जाळून ते वीज विकतात. कारखान्यातून येतो तेव्हा निम्मं पाणीच असतं, नीट वाळवला नाहीस तर एक्स्ट्रूडरमधे (माल तापवून दाबून पुढे ढकलणाऱ्या मशीनमधे) वाफ होऊन मालात फोड येतात. सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून, धुऊन घेतलास तर पकड अजून सुधारते, पण मग ते कॉस्टिकचं पाणी कुठं सोडणार हा प्रश्न आलाच, त्यामुळे कुंड्यांसाठी ती भानगड सुरुवातीला नकोच. पातळ पण ओढ सहन करणारी वस्तू असती तर केळीच म्हटलं असतं, कुंडीला बगॅस पुरे.

पहिली बॅच १० टक्के बगॅस घालून काढ, जास्त घातलं की माल साच्यात नीट वाहत नाही. दोन-चार कुंड्या वजन करून जुलैत गॅलरीत ठेव, पंधरवड्यानं परत वजन कर, किती पाणी ओढलं ते कळेल.