स्टिंग रे घ्यावी की मस्टँग?

साठच्या दशकातली अमेरिकन कूपे (दोन दारांची, बंद छताची गाडी) संग्रहासाठी शोधताना दोन नावं हमखास समोर येतात: १९६३ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे आणि १९६५ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक, म्हणजे छत मागच्या टोकापर्यंत सलग उतरत जाणारी मस्टँग. नीट रिस्टोअर केलेल्या दोन्ही डोळ्यांत भरतात, पण माझा कौल स्टिंग रेला आहे.

कारण तिची मागची काच. काचेच्या मधोमध उभी पट्टी, आणि त्या पट्टीवरून कंपनीतच वाद. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना ती हवीच होती. मागचं धड दिसत नाही म्हणून इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टॉव्ह विरोधात. १९६४च्या मॉडेलमध्ये पट्टी गेली. म्हणजे अशा कूपे फक्त एका वर्षाच्या, एकूण १०,५९४. त्यातही काही मालकांनी गाडी नवी दिसावी म्हणून पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली! म्हणून आधी पट्टी मूळची आहे की पुन्हा जोडलेली, ते तपासा. बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे बाहेर गंज दिसणार नाही. पण दरवाजे आणि पुढच्या काचेभोवतीचा पोलादी सांगाडा आतून सडलेला असू शकतो. गाडी लिफ्टवर चढवून, आतली पॅनेल काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन ब्लॉकवरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळायला हवा. तिथे नवे आकडे ठोकून फसवणूक होते, तेव्हा जाणकार सोबत न्या.

मस्टँगचं तसं नाही. १९६५मध्ये ७७,०७९ फास्टबॅक बनल्या. सुटे भागच काय, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, त्यामुळे दुरुस्ती सोपी आणि दुर्मीळपणा कमी. गंज लागतो तो फरशीला आणि पुढच्या काचेखालच्या हवेच्या कप्प्याला. गाडीच्या क्रमांकात ०९ असेल तर ती जन्मतः फास्टबॅक. पाचवं अक्षर 'के' असेल तर २७१ हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन ती कारखान्यातून निघाली. अशी प्रामाणिक गाडी मिळाली तर मीही थांबून विचार करीन.

चालवायला स्टिंग रे सरस: मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तर मस्टँगला अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. स्टिंग रेचे ब्रेक मात्र चारही ड्रमचेच. ते बदलून डिस्क बसवायचा मोह होईल, पण संग्रहासाठी घेतली असेल तर ड्रमच राहू द्या. कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर मस्टँग घ्या, कारण स्टिंग रेमध्ये दोनच जागा आहेत.